ओहायो स्टेट मार्चिंग बँड: अख्खा सीझन मागे फिरून बघितला, त्याचा रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येतो. कोलंबसला राहत असाल किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये इथे कोणाकडे येणार असाल तर ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचा मार्चिंग बँड, म्हणजे मैदानावर चालत चालत वाजवणारा बँड, बघितल्याशिवाय जाऊ नका. पण कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल मॅचचं महागडं तिकीट काढून, अगदी खालच्या रांगेत बसून, फक्त हाफटाइमला, म्हणजे मध्यंतरात, बघणार असाल तर निम्मे पैसे पाण्यात गेले समजा. या बँडचा सगळ्यात भारी भाग फुकट असतो आणि तो स्टेडियममध्ये होतच नाही, आणि हे इथे पाच-पाच वर्षं राहिलेल्या आपल्या लोकांनाही माहीत नसतं म्हणून एवढं लिहायला बसलोय.

मी फुटबॉलवाला नाही. बायको इथेच शिकली त्यामुळे तिला सगळं कळतं, मॅच बघताना 'आता काय झालं' असं विचारणारा आमच्या घरात मीच. पण एकदा तिच्याबरोबर गेलो, बँड बघितला, आणि या सीझनला ठरवलं की घरच्या जेवढ्या मॅच जमतील तेवढ्यांना बँडच्या मागे जायचं, टीम जिंको नाहीतर हरो. कॉलेजची मॅच साडेतीन तास चालते आणि त्यातला खरा खेळ किती मिनिटांचा ते ज्याला मोजायचं त्याने मोजावं, मला तर टीव्हीच्या ब्रेकमध्ये बँड वाजला की मॅच सुरू झाल्यासारखं वाटतं.

थोडी माहिती देतो म्हणजे पुढचं कळेल. हा बँड १८७८ पासूनचा, सुरुवातीला युनिव्हर्सिटीतल्या लष्करी कवायतीसाठी बासऱ्या आणि ढोल एवढंच होतं. १९३४ मध्ये त्यांनी क्लॅरिनेट, सॅक्सोफोन वगैरे सगळं काढून टाकलं, फक्त पितळी वाद्यं आणि ड्रम ठेवले, आणि आजही तसंच आहे. इतर कॉलेजांचे बँड ऐकून मग हा ऐकला की फरक पहिल्या सेकंदाला कळतो. यात गोडवा कमी आणि धडक जास्त, आवाज कानावर नाही छातीवर येतो. माणसं २२८, आणि त्यातले बहुतेक जण संगीत शिकणारे नाहीत, कोणी इंजिनियरिंगचं, कोणी नर्सिंगचं, कोणी बिझनेसचं. मुली १९७३ मध्ये पहिल्यांदा घेतल्या, तोपर्यंत फक्त पोरं. चाहते याला देशातला सगळ्यात भारी बँड म्हणतात, मूळ इंग्रजी नावात एक हलकीशी शिवी आहे आणि ती टी-शर्टवर छापून आजी-आजोबासुद्धा घालून फिरतात.

आता मेन गोष्ट, स्कल सेशन. मॅचच्या साधारण दोन तास आधी स्टेडियमच्या समोरच्याच सेंट जॉन अरीनात हा प्रकार असतो. ही जुनी बास्केटबॉलची बंदिस्त इमारत, १९५६ ची, १३ हजारांवर लोक बसतात. तिकीट नाही, नंबर नाही, जाऊन जागा पकडायची. पूर्वी पोरांना सगळं पाठ आहे की नाही हे तपासायला मॅचच्या आधी एक शेवटची तालीम घ्यायचे, लोक ऐकायला यायला लागले, वाढत वाढत त्याचाच कार्यक्रम झाला. आणि बंद इमारतीत दोनशेच्या वर पितळी वाद्यं एकदम वाजली की काय होतं हे लिहून सांगता येणार नाही. बाकड्यावर ठेवलेल्या माझ्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी थरथरत होतं, हे मी स्वतः बघत बसलो होतो. आधी एकेका वाद्याचे छोटे ग्रुप येऊन आपापली करामत दाखवतात, थोडा चहाटळपणा चालतो, कधी पाहुण्या टीमचा बँडही येऊन वाजवतो, कधी फुटबॉलची टीम येते, आणि मग पूर्ण बँड त्या दिवशीच्या शोची गाणी वाजवतो. इथे चेहरे दिसतात. स्टेडियममध्ये ती पोरं म्हणजे ठिपके असतात, इथे गाल फुगवलेले, घामाने केस चिकटलेले, शेजारच्याच्या कानात काहीतरी बोलून हसणारे दिसतात.

सप्टेंबरमध्ये आई-बाबा भारतातून आले होते, त्यांना मॅचला नेणं शक्य नव्हतं, साडेतीन तास कडक बाकावर बसणं त्यांच्या गुडघ्यांना झेपलं नसतं, म्हणून फक्त स्कल सेशनला नेलं. आई सुरुवातीला कानावर हात ठेवून बसली होती, दुसऱ्या गाण्याला हात काढले आणि टाळ्या वाजवायला लागली. बाबांचा प्रश्न वेगळाच. "अरे, ही पोरं इंजिनियरिंगची म्हणतोस, मग अभ्यास कधी करतात?" मी म्हटलं बाबा, याचे क्रेडिट मिळतात त्यांना. "मग ठीक आहे," म्हणाले, आणि नंतर दोन दिवस फोनवर पुण्यातल्या सगळ्या नातेवाईकांना तेच सांगत होते की इथे ढोल वाजवायचे मार्क देतात.

स्कल सेशन संपलं की बँड संचलन करत स्टेडियमकडे जातो. रस्त्याच्या कडेला उभं राहायला पाच मिनिटं आधी गेलात तरी पहिली रांग मिळते, आणि माझ्या मते मुलांना घेऊन आला असाल तर हे बघून घरी गेलात तरी चालेल. खरंच. लहान मुलांना एवढं पुरतं, पुढचं सगळं मोठ्यांसाठी आहे.

स्टेडियमचं सांगायचं तर ओहायो स्टेडियम १९२२ चं, घोड्याच्या नालासारखा आकार, एक लाख दोन हजारांवर लोक बसतात. मॅचच्या वीसेक मिनिटं आधी उत्तरेकडच्या उतारावरून बँड आत येतो आणि हा क्षण मात्र तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा वसूल करतो. आधी ड्रमवाले, मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत, म्हणजे सेकंदाला तीन पावलं, तीसुद्धा साधी नाहीत, प्रत्येक पावलाला मांडी जमिनीला समांतर येईपर्यंत गुडघा वर. घरी हॉलमध्ये करून बघा, अर्ध्या मिनिटात पोटऱ्या बोलायला लागतात, ही पोरं हे करत करत तोंडाने ट्रम्पेट वाजवतात. मग सगळे मैदानावर लागले की ड्रम मेजर, म्हणजे बँडच्या पुढे चालणारा म्होरक्या, येतो, हातात दांडा, टोपीवर उंच तुरा, आणि मधोमध थांबून मागे वाकायला लागतो, वाकतो, वाकतो, तुरा गवताला टेकेपर्यंत. तुरा टेकला की एक लाख लोकांचा जो आवाज होतो तेवढा काही काही टचडाउनना, म्हणजे या खेळातल्या गोलना, पण होत नाही.

त्यानंतर स्क्रिप्ट ओहायो. ज्यांनी बँडबद्दल काहीच ऐकलं नाही त्यांनीही याचा फोटो कुठेतरी बघितलेला असतो. अख्खा बँड एकामागे एक चालत मैदानावर जोडलेल्या इंग्रजी अक्षरांत ओहायो हा शब्द लिहितो, पेन न उचलता लिहावं तसं, वळणं एकमेकांतून जातात, समोरून येणारी रांग आणि जाणारी रांग एकमेकांच्या मधून आरपार निघतात आणि कोणी कोणाला धडकत नाही. पहिल्यांदा केलं १० ऑक्टोबर १९३६ ला, पिट्सबर्गच्या मॅचला. गंमत म्हणजे त्याच्या चार वर्षं आधी, १९३२ मध्ये, असाच वळणदार ओहायो लिहिला होता तो मिशिगनच्या बँडने, म्हणजे जानी दुश्मनाने. हे इथे कोणासमोर बोलू नका, चहा मिळणार नाही.

शेवटी आय अक्षरावरचा टिंब द्यायचा मान सुझाफोनवाल्याचा, म्हणजे ते अंगाभोवती गुंडाळलेलं प्रचंड वाद्य वाजवणाऱ्याचा, तोही चौथ्या किंवा पाचव्या वर्षाचा. सुरुवातीला हा टिंब ट्रम्पेटवाला द्यायचा, १९३७ मध्ये बँडच्या डायरेक्टरने ऐनवेळी सुझाफोनवाल्याला त्याच्या जागी पाठवलं, आणि पुढच्या वर्षी एकदा ड्रम मेजर टिंबाच्या जागेवर जरा आधीच पोचला. गाणं शिल्लक, करायचं काय, म्हणून त्या सुझाफोनवाल्याने वेळ काढायला एक जोरदार पाय उडवला, गिरकी घेतली आणि वाकून नमस्कार केला. लोकांना इतकं आवडलं की तेव्हापासून आजपर्यंत तेच चालू आहे. वेळ मारून न्यायला केलेली गोष्ट अशी परंपरा होऊन बसलेली मी दुसरीकडे कुठे बघितली नाही. बाहेरच्या कोणाला हा मान फार क्वचित देतात, विनोदी नट बॉब होपला १९७८ मध्ये दिला होता, गोल्फवाल्या जॅक निकलसला २००६ मध्ये, अंतराळवीर जॉन ग्लेनला २००९ मध्ये.

पण खरं सांगू का, तिसऱ्या-चौथ्या मॅचनंतर अक्षरांकडे बघायचं सोडून दिलं. मी एक पोरगी पकडायचो, ट्रम्पेटवाली, रांगेत मधे कुठेतरी, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त तिच्याकडे बघायचो, ती कुठल्या वळणावर कोणाच्या मधून जाते, कुठे पाऊल आखूड घेते. असं बघितलं की अख्खा प्रकार वेगळाच कळतो. पाच यार्डात आठ पावलं म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच, सगळं त्या मापात बसवलेलं, पण वळणाच्या आतल्या बाजूला असलेल्याला पाऊल कमी करावं लागतं आणि बाहेरच्याला वाढवावं लागतं, आणि खांदे मात्र दोघांचेही एका रेषेत. वरून गुळगुळीत दिसतं ते यामुळे.

हाफटाइमबद्दल माझं मत जरा मिक्स आहे. या बँडला जगभर प्रसिद्धी मिळाली ती हाफटाइममुळेच. ऑक्टोबर २०१२ मध्ये नेब्रास्काच्या मॅचला व्हिडिओ गेमवाला शो केला, त्यात मैदानभर घोडा पळत होता, टेट्रिसचे ठोकळे पडत होते. २०१३ मध्ये माणसांचा मिळून एक भलामोठा मायकल जॅक्सन बनवला आणि त्याला मूनवॉक करायला लावला, आणि त्याच महिन्यात एक डायनासोर. यूट्यूबवर कोट्यवधी लोकांनी बघितलंय, तुमच्याही व्हॉट्सॲपवर कधीतरी आलंच असेल. मात्र या असल्या चित्रांची एक अडचण आहे, ती वरूनच दिसतात. खालच्या रांगेत बसलेल्या माणसाला फक्त इकडून तिकडे पळणारी माणसं दिसतात. मी एका मॅचला एका रिसेल साइटवरून तिकीट घेतलं, फी शेवटच्या पानावर कळली ती वेगळीच, आणि जागा एकदम खाली, मैदानाच्या कोपऱ्यात. टीमच्या खेळाडूंचे घामेजलेले दंड स्पष्ट दिसले, हाफटाइमला काय बनवलं ते घरी येऊन यूट्यूबवर बघावं लागलं. तेव्हा सल्ला एकच, बँडसाठी जात असाल तर सगळ्यात वरचं, सी डेकचं, स्वस्तातलं तिकीट घ्या, आणि जमलं तर प्रेस बॉक्सच्या, म्हणजे पत्रकार बसतात त्या, बाजूचं, कारण बँडचं तोंड बहुतेक वेळा तिकडेच असतं. त्याखालच्या बी डेकच्या मागच्या रांगा टाळा, डोक्यावर वरच्या मजल्याचं छत येतं, ऊन-पाऊस लागत नाही पण मोकळं वाटत नाही.

गाण्यांच्या निवडीबद्दल जरा कुरकुर करतो. सिनेमाची गाणी आणि पॉप यांचं प्रमाण मला जास्त वाटतं. समजतं की लोकांना ओळखीचं हवं असतं, पण या बँडची ताकद मार्चमध्ये आहे, स्क्रिप्ट ओहायोच्या वेळी जो जुना फ्रेंच लष्करी मार्च वाजतो तो ऐकून अंगावर काटा येतो, आणि त्यानंतर हाफटाइमला गेल्या उन्हाळ्याचं हिट गाणं ऐकलं की वरण-भातावर केचप ओतल्यासारखं होतं. अपवाद फक्त 'हँग ऑन स्लूपी'चा. १९६५ मध्ये या बँडने ते वाजवायला सुरुवात केली आणि इतकं चाललं की १९८५ मध्ये राज्याने त्याला ओहायोचं अधिकृत रॉक गाणं करून टाकलं. मॅचच्या चार भागांतला तिसरा क्वार्टर संपला की वाजतं आणि एक लाख माणसं हातांनी ओ-एच-आय-ओ करतात, तुम्ही कितीही लाजाळू असा, हात वर जातातच.

आणखी एक तक्रार आहे, ती कोणा एका स्टेडियमची नाही, आजकाल बहुतेक मोठ्या कॉलेज मॅचना हेच असतं. भोंगे. खेळात दोन मिनिटं उसंत मिळाली की स्पीकरवर जाहिरात नाहीतर रेकॉर्ड लावतात, समोर दोनशे माणसं वाद्यं मांडीवर घेऊन बसलेली असताना. हे कोण ठरवतं माहीत नाही पण ज्याने ठरवलं त्याला एकदा स्कल सेशनला बसवायला हवं.

आता जो भाग मला सगळ्यात आवडला, आणि ज्याला रिव्ह्यूत कोणी स्टार देत नाही. आठवड्यातले सराव. दुपार कलली की कॅम्पसवर सराव सुरू होतो, बाजूने चालत गेलात तरी ऐकू येतो. या बँडमध्ये जुना-नवा असा भेद नाही, चार वर्षं वाजवलेल्यालाही दर ऑगस्टला पुन्हा ऑडिशन द्यावी लागते. आणि निवड झाली तरी प्रत्येक रांगेत राखीव पोरं असतातच, ती दर आठवड्याला मैदानावरच्या कोणालाही आव्हान देऊ शकतात, समोरासमोर चालून-वाजवून दाखवायचं, जो सरस त्याची शनिवारची जागा. म्हणजे या शनिवारी दिसलेला चेहरा पुढच्या शनिवारी दिसेलच असं नाही. पुण्यात गणपतीच्या आधी नदीकाठी पथकांचे सराव चालतात ना, एकच चाल शंभर वेळा, मधेच थांबवून ओरडा, परत पहिल्यापासून, अगदी तेच वातावरण, फक्त इथे २०१३ पासून कागदाच्या नकाशाऐवजी आयपॅडवर बघून जागा शोधतात. एका सरावाला मी एकच वळण दहा-बारा वेळा घोटताना बघितलं, एक बॅरिटोन नावाचं पितळी वाद्य वाजवणारा दर वेळी अर्धं पाऊल पुढे जात होता, त्याच्या शेजारचा शेवटी वाद्य खाली ठेवून त्याच्याबरोबर नुसता चालला, मोजत मोजत, मग जमलं. शनिवारी ते वळण आलं तेव्हा माझी नजर तिथेच होती, बायको म्हणत होती इकडे बघ घोडा बनतोय, मी म्हटलं थांब जरा. नीट गेलं.

हवामानाचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. ऑगस्टअखेरच्या मॅचला तीस-बत्तीस डिग्री आणि या पोरांच्या अंगावर लोकरीचा लष्करी युनिफॉर्म, गळ्यापर्यंत बंद, छातीवर पांढरे पट्टे. नोव्हेंबरमध्ये बरोबर उलटं, बोटं आखडतात, वाद्याचे व्हॉल्व्ह अडकतात, आणि गारठ्यात पितळी वाद्यांचा सूर उतरतो, उन्हात चढतो, त्यामुळे एकच गाणं सप्टेंबर आणि नोव्हेंबरमध्ये ऐकलं तर कान असलेल्याला फरक कळतो. मला नोव्हेंबरचं आवडलं, जरा जड, जरा खर्जातलं. अर्थात बसणाऱ्याचे हाल असतात. थर्मल आतून, दोन पायमोजे, आणि बसायला जाडसर घडी, कारण ॲल्युमिनियमचा बाक थंडीत काय चीज आहे ते बसल्यावरच कळतं.

बाकीचं पटापट. पिशवी पारदर्शकच लागते, साधी मोठी पर्स घेऊन गेलात तर दारातून परत. डबा आत नेता येत नाही, आम्ही गाडीच्या डिकीवर पोहे आणि चहा उरकून घ्यायचो, शेजारी बार्बेक्यू लावलेल्या मंडळींनी एकदा पोहे मागून खाल्ले आणि बदल्यात सॉसेज देऊ केलं, आईने हात जोडले. पार्किंग महाग, लांब लावा आणि चाला. पाहुणा बँड येणार असेल ती मॅच आवर्जून गाठा, वीस मिनिटांच्या हाफटाइममध्ये दोघांना वेळ वाटून द्यावा लागतो त्यामुळे शो आखडतो, पण तुलना करायला मिळते. सीझनच्या सुरुवातीला एक मॅच माजी विद्यार्थ्यांची असते, साठी-सत्तरीचे काका-काकू वाद्यं घेऊन परत मैदानात उतरतात आणि एकाच वेळी चार-चार ओहायो लिहिले जातात, ती चुकवू नका, गुडघे कोणाचे किती वर जातात ते बघण्यातच मजा आहे.

बाहेरगावच्या मॅचना पूर्ण बँड दरवेळी जात नाही आणि टीव्हीवर हाफटाइमला चार माणसं टाय लावून बडबडत बसतात, त्यामुळे त्या शनिवारी काही मिळेल अशी आशा ठेवू नका. घरच्या मॅचचे शो बँड स्वतःच यूट्यूबवर टाकतो, चांगल्या कोनातून, वरून, तेव्हा ज्यांना येणं शक्य नाही त्यांनी ते बघावेत, पण हेडफोन लावून, फोनच्या स्पीकरवर नको.

स्टार म्हणाल तर स्कल सेशनला पाच, उतारावरून आत येण्याला पाच, स्क्रिप्ट ओहायोला साडेचार, हाफटाइमला वर बसलात तर चार आणि खाली बसलात तर दोन. मिशिगनची मॅच सम वर्षी कोलंबसला असते, त्या दिवशी तिकिटाच्या भानगडीत पडण्यापेक्षा सरळ सेंट जॉन अरीनाच्या रांगेत उभे राहा, फक्त दारं उघडायच्या बऱ्याच आधी या, नोव्हेंबरअखेर असतो, कानटोपी विसरू नका.